दिव्याखाली अंधार, बीकेसीत झगमगाट

दिव्यात राहणाऱ्या माणसाला मुंबईकडे जायचं असेल तर तो आधी उलट्या दिशेला जातो. खोटं वाटतंय? सकाळी सव्वासातला या एकदा आमच्या फलाटावर. मी कित्येक वर्षं हेच करतोय. पास दिव्याचा नाही, डोंबिवलीचा काढतो. कल्याणच्या बाजूला जाणारी गाडी पकडायची, डोंबिवलीला उतरायचं, पूल ओलांडायचा आणि तिथून सुटणाऱ्या लोकलमध्ये कसंबसं आत शिरायचं. थोड्या वेळाने तीच गाडी पुन्हा दिव्यात येते. तेव्हा दाराला लोंबकळणारे माझेच शेजारी मला आतून दिसतात. कधी नजरानजर होते. मग मी मोबाइलमध्ये डोकं घालतो.

आमचं ऑफिस आधी ऐरोलीला होतं. मग क्लायंट बीकेसीत आहे म्हणून ऑफिसही बीकेसीत गेलं. मॅनेजर म्हणाला, "अरे, प्राइम लोकेशन आहे, सीव्हीवर चांगलं दिसतं." सीव्हीवर दिसतं खरं. पण कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहिल्यावर ते प्राइम वगैरे काही वाटत नाही.

हे रडगाणं लिहायचं कारण वेगळं आहे. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे आपल्या एमएमआरडीएने, सुमारे साडेतीन लाख कोटी रुपयांचे सामंजस्य करार केले. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये नीती आयोगाचा आराखडा आला: मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर न्यायची. दुप्पट! नवे रोजगार म्हणे २८ ते ३० लाख. ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे टाकले. मीही टाकला. संध्याकाळी दिव्याच्या जिन्यावर अडकलो असताना डोक्यात आलं, की हे २८ लाख लोक कामाला जाणार कुठे? आणि जाणार कसे?

माझा मुद्दा एका वाक्यात सांगतो, म्हणजे घाईत असाल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल. एमएमआरडीएचा जन्म कामधंदा माणसांजवळ नेण्यासाठी झाला. आज ती माणसांना कामधंद्याकडे वाहून नेणारी, आणि त्या कामधंद्याखालची जमीन भाड्याने देणारी संस्था झाली आहे. तिचं यश डॉलरमध्ये मोजणं म्हणजे दिव्याखालचा अंधार न बघता ज्योतीचं कौतुक करण्यासारखं आहे.

थोडा इतिहास

मुंबई हे लांबट, चिंचोळं बेट. कामाच्या जागा सगळ्या दक्षिण टोकाला आणि माणसं उत्तरेला पसरत चाललेली. सकाळी सगळे खाली, संध्याकाळी सगळे वर. हे असं चालणार नाही हे १९६० च्या दशकातच शहाण्या लोकांच्या लक्षात आलं होतं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या समितीने सांगितलं की मुंबईचा विचार एकट्या मुंबईपुरता करू नका, सगळ्या प्रदेशाचा मिळून करा. त्यातून पहिली प्रादेशिक योजना आली, ती १९७३ मध्ये मंजूर झाली. मुख्य सूत्र एकच: दक्षिण मुंबईतली कार्यालयांची गर्दी थांबवा, नवी केंद्रं बाहेर उभी करा. नवी मुंबई त्याच विचाराचं बाळ. हे सगळं बघायला एक प्रादेशिक संस्था हवी म्हणून १९७४ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७५ ला हे प्राधिकरण जन्माला आलं.

१९७७ मध्ये त्याच्याकडे वांद्रे-कुर्ला संकुलाचं काम सोपवलं गेलं. खाडीकाठची, मिठी नदीच्या बाजूची सुमारे ३७० हेक्टर जागा. हेतू काय, तर नरिमन पॉइंटवरचा भार कमी करायचा. हेतू शंभर टक्के योग्य होता, आणि काम त्यांनी उत्तम केलं हेही कबूल करतो. आज बीकेसीत फिरताना आपण भारतात आहोत का असं वाटतं (फक्त पावसाळ्यात नाही).

पण गंमत बघा. गर्दी पांगवण्यासाठी बांधलेलं केंद्र स्वतःच नवीन नरिमन पॉइंट झालं. मेट्रो ३ चं स्थानक बीकेसीत. मेट्रो २-ब जाणार बीकेसीतून. बुलेट ट्रेनचं शेवटचं स्थानक बीकेसीत. खुद्द प्राधिकरणाचं मुख्यालयही बीकेसीतच!

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या रिक्वेस्ट एकाच सर्व्हरवर येतायत. सर्व्हर गुदमरतोय. तर आपण काय करू? दोनचार सर्व्हर वाढवू, मधे लोड बॅलन्सर टाकू. इथे त्या एकाच सर्व्हरकडे जाणारी केबल जाड करत बसलेत. एमएमआरडीए हा लोड बॅलन्सर म्हणून बनवला होता हो!

असं का झालं?

कोणी दुष्ट आहे म्हणून नाही. तिथले इंजिनीयर आपल्यासारखेच, नगररचनाकार तर आपल्यापेक्षा हुशार. कारण साधं आहे, पैसा येतो कुठून ते बघा.

प्राधिकरणाच्या उत्पन्नाचा मोठा आधार म्हणजे जमीन. बीकेसीतले भूखंड ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जातात. २०१९ मध्ये तिथला जेमतेम तीन एकरांचा एक भूखंड एका जपानी समूहाने २,२३८ कोटींना घेतला. तीन एकर, २,२३८ कोटी! आता तुम्ही प्राधिकरणाच्या खुर्चीत बसा आणि सांगा, नवीन ऑफिसं कुठे यावीत असं तुम्हाला वाटेल? बीकेसीत की कल्याण-शिळ रस्त्यावर? जिथे जमीन आधीच महाग आहे तिथे आणखी ऑफिसं आली की तिजोरी भरते. कल्याणकडे आणखी दहा हजार नोकऱ्या आल्या तर माझा दिवसाला दीड तास वाचेल, पण तो दीड तास कुठल्याही ताळेबंदात जमा होत नाही.

ज्या आकड्यावर अप्रेझल होतं तोच आकडा वाढतो, हे आयटीवाल्यांना सांगायला नको. टेस्टरला बगच्या संख्येवर बोनस दिला की बग वाढतात. प्राधिकरणाला कोटी, किलोमीटर आणि करार यांवर शाबासकी मिळते, म्हणून तेच वाढतात. दिव्याच्या माणसाचा वेळ कोणाच्याच अप्रेझलमध्ये नाही.

दरम्यान माणसं कुठे गेली?

२००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली, ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली. त्याच दहा वर्षांत (तेव्हाच्या अखंड) ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. म्हणजे माणसं आपणहून पांगली. योजनेत लिहिलेलं अर्धं काम लोकांनी स्वतःच्या खर्चाने, कर्ज काढून करून टाकलं. उरलेलं अर्धं, म्हणजे त्यांच्यामागून कामधंदा आणणं, ते सरकारचं होतं.

आमचा दिवा त्याचं अगदी पुस्तकी उदाहरण. मुख्य मार्गावर, शिवाय वसई आणि पनवेलचे फाटे इथे मिळतात. कोकणात जायला सोयीचं म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी मंडळी रत्नागिरी-सिंधुदुर्गची. नकाशावर बघितलं तर एखादा नियोजनकार म्हणेल, व्वा, काय जागा आहे! प्रत्यक्षात दिव्याच्या वाट्याला आलं काय? ठाण्याचा कचरा. ते डम्पिंग २०२३ मध्ये बंद झालं, तोवर वर्षानुवर्षं आम्ही त्याच्या धुराचा वास घेत झोपलो. जलद गाड्यांचा थांबा १८ डिसेंबर २०१६ ला मिळाला, तोही २ जानेवारी २०१५ ला गाड्या रखडून लोकांचा उद्रेक झाल्यावर. तेव्हा दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण जंक्शनवर जलद गाडी थांबायला दंगल व्हावी लागते, हे मनात राहतंच.

आणि मग ९ जून २०२५. सकाळची वेळ, मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून दोन लोकल गेल्या. दोन्हींच्या दारांत माणसं लटकलेली. एकमेकांना घासली आणि खाली पडली. त्या दिवशी चार जण गेले. मी घरून काम करत होतो. आईचे गावाहून तीन फोन आले. शेजारच्या काकूंचा मुलगा फोन उचलत नव्हता, कारण गाडी थांबल्यावर तो रुळांवरून चालत कळव्याकडे निघाला होता. तो दोन तासांनी घरी आला, जेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच दारात उभा राहिला. तो तरी काय करणार? हाफ डे लागतो.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गावर वर्षाला सुमारे अडीच हजार माणसं मरतात. दिवसाला सरासरी सहा-सात. दावोसच्या कुठल्याही करारात हा आकडा नसतो.

"पण" म्हणणाऱ्यांसाठी

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा विषय काढला की ठरलेले तीन "पण" येतात. एकेक घेऊ.

*पण रेल्वे हे एमएमआरडीएचं काम नाही.* बरोबर. रेल्वे केंद्राची, उपनगरी प्रकल्प एमआरव्हीसीचे. पण प्रादेशिक प्राधिकरण असतं कशाला? कायद्यानेच त्याला समन्वयाचं काम दिलंय. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका, जेमतेम नऊ किलोमीटर. २००८ मध्ये मंजूर झाली आणि सुरू झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. चौदा वर्षं. वनवास संपला! तिच्यामुळे ३६ फेऱ्या वाढल्या, त्यातल्या ३४ एसी. आता काकूंच्या मुलाला एसीचा पास परवडतो का ते मला विचारू नका. उलट अटल सेतू बघा. २१.८ किलोमीटर, १७,८४० कोटी, काम २०१८ मध्ये सुरू आणि १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन. (कल्पना सुचल्यापासून मोजलं तर पुलालाही दशकं लागली, ते मान्य. पण ज्या दिवशी प्राधिकरणाने खरोखर मनावर घेतलं त्या दिवसापासून सहा वर्षं.) मनावर घेतलं तर होतं, एवढंच मला म्हणायचंय.

त्याहून बोलकं उदाहरण कळवा-ऐरोली जोडमार्गाचं. आत्ता कल्याण बाजूच्या माणसाला ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कात जायचं तर ठाण्याला उतरून, पूल चढून ट्रान्सहार्बर पकडावी लागते. हा जोडमार्ग झाला तर कळव्याहून गाडी सरळ ऐरोलीला वळेल, ठाणे स्थानकाचा श्वास मोकळा होईल. डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर, खर्च ४७६ कोटी. त्यावरचं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं. पण मार्ग अडलाय हजारेक झोपड्यांच्या पुनर्वसनावर. आता रेल्वेमार्गालगतच्या लोकांचं पुनर्वसन कसं करायचं हे या राज्यात सगळ्यात जास्त कोणाला माहीत आहे? एमएमआरडीएलाच! २००२ पासून जागतिक बँकेच्या कर्जाच्या एमयूटीपीत त्यांनी सुमारे एक लाख माणसं हलवली. त्यात चुका झाल्या, तक्रारी झाल्या, पण करून दाखवलं. बीकेसीतला तो तीन एकरांचा एक तुकडा आठवतोय? त्याच्या पैशात असे चार जोडमार्ग होतात. २०२५-२६ चं प्राधिकरणाचं अंदाजपत्रक ४०,१८७ कोटींचं होतं. त्यातला सव्वा टक्काही लागणार नाही. पैसा नाही हे उत्तर इथे चालत नाही.

*पण कंपन्यांना एकत्रच राहायचं असतं, त्यांना दिव्यात कोण आणणार?* हा "पण" सगळ्यात वजनदार आहे. खरंच, बँका बँकांजवळ जातात, वकील त्यांच्या मागे जातात. उद्या माझ्या दारात जागतिक बँक उघडा असं मी म्हणत नाही. पण ऐरोली बघा. कंपन्या गेल्याच ना? जमीन होती, रस्ता होता, २००४ मध्ये ट्रान्सहार्बर मार्ग सुरू झाला, सवलती होत्या, गेल्या. म्हणजे आधी सोय केली की कंपन्या जातात. कल्याण-शिळ रस्त्यावरच्या दहा गावांत कल्याण ग्रोथ सेंटर होणार असं २०१५ नंतर वाजतगाजत सांगितलं गेलं, दुसरं बीकेसी वगैरे. आज तिकडे जाऊन बघा. टॉवर आहेत, भरपूर आहेत, पण राहण्याचे. म्हणजे लोकलमध्ये चढणारी आणखी माणसं. ऑफिसची इमारत शोधायला दुर्बीण लागेल. मेट्रो १२ कल्याण-तळोजा होतेय, चांगलंच आहे, पण ती दिवा स्थानकाला शिवत नाही आणि ग्रोथ सेंटरमध्ये ग्रोथ नसेल तर मेट्रोत बसून माणसं जाणार कुठे?

*पण तुम्ही दिव्यात राहायला गेलातच कशाला? तिथल्या निम्म्या बिल्डिंगी अनधिकृत आहेत.* हा "पण" पवईत राहणारा सहकारी काढतो. अरे बाबा, हौस म्हणून नाही गेलो. माझ्या पहिल्या पगारात जे मिळालं ते इथेच मिळालं. आमच्या बिल्डिंगच्या कागदांबद्दल सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही, एवढं सांगतो. शिळफाट्याजवळची लकी कंपाउंडची इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली, ७४ माणसं गेली. तीही अनधिकृत होती. लोक तिथे राहत होते, कारण कायदेशीर आणि परवडणारं असं दोन्ही एकत्र कुठे मिळत नव्हतं. २००८ मध्ये प्राधिकरणाने भाड्याच्या घरांची योजना काढली होती, १६० चौरस फुटांची खोली, पाच वर्षांत पाच लाख घरं. बिल्डरांना चार एफएसआय. ती पाच लाख घरं झाली असती तर मी आज हा लेख लिहीत नसतो. आता नव्या आराखड्यातही परवडणाऱ्या घरांचे लाखांतले आकडे आहेत. दुधाने तोंड पोळलंय, म्हणून ताक फुंकून पितोय, दुसरं काय.

आणि हे विचारायचं कोणाला?

ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. कल्याण-डोंबिवलीची तर नोव्हेंबर २०२० मध्येच. निवडणुका झाल्या थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात ३०० अब्जांचा आराखडा आला, दावोस झालं, पेण-पनवेल-उरणकडची ३२३ चौरस किलोमीटरची "तिसरी मुंबई" प्राधिकरणाकडे आली. आणि दिव्याच्या माणसाला गटार तुंबलं तर सांगायला नगरसेवकसुद्धा नव्हता. ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समिती सांगितली आहे, दोन तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडलेले. प्रदेशाचा आराखडा खरं तर तिने करायचा. तुमच्या ओळखीत कोणाला तिचा एखादा सदस्य माहीत आहे? मला नाही.

माझं मागणं

नुसतं बोंबलून उपयोग नाही, म्हणून तीन गोष्टी. तिन्ही एमएमआरडीएला जमण्यासारख्या आहेत.

१. दरवर्षी अंदाजपत्रकाबरोबर एक तक्ता छापा. प्रत्येक स्थानकावरून, दिवा, टिटवाळा, बदलापूर, विरार, पनवेल, पाऊण तासात किती नोकऱ्यांपर्यंत पोचता येतं. गेल्या वर्षी किती, या वर्षी किती. बस. एवढा एकच आकडा जाहीर झाला तरी प्राधिकरणाचं अर्धं वागणं बदलेल.

२. बीकेसीत भूखंड दिला की त्यातला ठरावीक वाटा ठाण्यापलीकडे ऑफिसच्या जागा आणि रेल्वेच्या अडलेल्या कामांसाठी बाजूला काढा. सुरुवात कळवा-ऐरोलीच्या त्या हजार घरांपासून करा.

३. आमच्या शेजारी म्हातार्डीला बुलेट ट्रेनचं ठाणे स्थानक होतंय. त्याच्याभोवतीची जमीन हीच तुमची परीक्षा. तिथे पुन्हा चाळीस मजली राहण्याचे टॉवर आले तर समजायचं काहीच शिकले नाहीत. आधी ऑफिसं, आधी कामधंदा, मग घरं. आणि निवडून आलेल्या नव्या नगरसेवकांनो, फ्लेक्स लावून झाले असतील तर आधी हे विचारा.

३०० अब्ज डॉलर झाले तर मला आनंदच आहे. माझं अप्रेझल त्यातूनच येणार आहे, मला कळतं. पण त्या ३०० अब्जांसाठी काकूंच्या मुलाने रोज दारात लटकायचं असेल तर त्याला विकास म्हणू नका.

असो. उद्या रविवार, मेगाब्लॉक. कुठे जायचं नाही म्हणून बरं. सोमवारी सकाळी पुन्हा उलट्या दिशेला, डोंबिवलीला.